गोष्टीत नसलेली भिंत

"...आणि तिची हाक कुणाच्याही कानी गेली नाही." दत्तोबाने शेवटचं वाक्य वाचलं, कागद दुमडले आणि चष्मा काढला.

पिंपरीच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या गणपतीच्या मांडवात टाळ्या पडल्या. बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

"राव, बाईच्या मनातलं इतकं कसं कळतं तुम्हाला?" बाजूला बसलेल्या यशवंतरावांनी विचारलं.

"सांगणारा स्वतः गोष्टीत नसतो ना, म्हणून त्याला कुणाच्याही मनात शिरता येतं," दत्तोबा म्हणाला. कौतुकाने स्वारी जरा फुगलीच होती.

पण समोर शेजारच्या यशोदाबाई बसल्या होत्या. गोष्ट त्यांचीच, नाव बदलून वसाहत थोडीच फसणार? गेल्या चैत्रात नवरा रात्रपाळीला असताना त्या एकट्याच बाळंत झाल्या, आणि मूल हाती लागलं नाही. दत्तोबाने हे सगळं लिहिलं होतं, फक्त भिंत गाळली होती. इथे दोन घरांत एकच भिंत. विरजण हवं असो की काड्यापेटी, पळीने भिंत वाजवायची आणि पलीकडच्याने यायचं, हा इथला रिवाज. त्या रात्रीही भिंत वाजली होती, बराच वेळ. दत्तोबाची बायको इंद्रायणी तेव्हा माहेरी होती. एकट्या बाईच्या घरात अपरात्री पुरुषाने कसं जावं, लोक काय म्हणतील, असं मनाशी घोळवत तो पांघरूण ओढून पडून राहिला. त्याची त्याला अजून लाज वाटत होती, आणि सांगायची मात्र छाती होत नव्हती.

नेमकी इंद्रायणी यशोदाबाईंकडे वळली.

"अहो, तेव्हा भिंत तरी वाजवायची! हे होते की घरात."

दत्तोबाने दुमडलेले कागद पुन्हा एकदा दुमडले. यशोदाबाईंनी त्याच्याकडे सावकाश पाहिलं.

"गोष्टीतल्या बाईच्या भिंतीपल्याड कुणी ऱ्हातच न्हाई, वैनी," त्या म्हणाल्या. "मग वाजवून काय करायचं?"

घरी आल्यावर इंद्रायणीने दूध कोमट केलं. विरजण संपलेलं. तिने पळी घेतली आणि भिंत वाजवली.

"आले, आले!" पलीकडून लगेच आवाज आला.

"अहो, दार उघडा," इंद्रायणी म्हणाली.

दत्तोबाला उठवेना.