मानेवरचा पोचा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना तांब्याचा हंडा आहे आणि माझा सारा जन्म व्हिस्की गाळण्यात गेला. स्कॉटलंडच्या एका बेटावर तांबटांनी मला ठोकून घडवले. सातूचा आंबवलेला रस माझ्या पोटात उकळे, वाफ लांब मानेतून वर जाई आणि पलीकडे थेंब थेंब उतरे.

आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नसे. म्हणून भट्टीवाला टॉर्किल दोरीला बांधलेला लाकडी गोळा माझ्या मानेवर आपटून कान देई. पोकळ आवाज आला तर बरे. बद्द आला की फेस वर चढला, जाळ कमी करायचा. त्याची सोयरीक मोडली त्या दिवशी गोळा जरा जोरातच बसला आणि मला खोल पोचा पडला. मी सोसले. आमच्या सिंगल माल्ट व्हिस्कीचे नाव झाले तेव्हा लोकांनी पाठ थोपटली ती टॉर्किलची आणि मालकीण एफीबाईंची. झिजत होते ते मात्र माझे तांबे.

शेवटी मी पार पातळ झालो. नवा हंडा घडवायला रॅनल्ड तांबट माझी मापे घेऊ लागला.

"बाई, हा पोचा पण नव्यात ठोकायचा?"

"ठोक. आकार जरा बदलला नि चव बिघडली तर कुणाच्या नावानं बोंब मारू?"

"अहो, हा टॉर्किलच्या रागाचा पोचा आहे."

"मग त्या रागाचीच चव असेल. ठोक मुकाट्यानं."

मी मनात म्हटले, पोचा न्याल, मला कुठून आणाल? त्यांनी मला फाटकाशी ठेवले आणि पोटात माती भरून फुलझाडे लावली. नव्याच्या मानेला काचेची खिडकी आहे, त्याला कुणी मारत नाही. व्हिस्की पिंपात मुरायला दहा वर्षे लागली. तेवढी वर्षे मी एकाच आशेवर काढली, की चव बिघडावी.

परवा एफीबाई पेला घेऊन फाटकाशी आल्या. म्हातारा टॉर्किल माझ्याशेजारीच बसला होता.

"घे, नव्या हंड्याची. खरं सांग हं."

त्याने वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले.

"जुनीच देऊन थट्टा करताय होय म्हाताऱ्याची?"

"नव्याचीच आहे रे."

"मग तीच आहे, बाई. सही सही तीच."

दोघे खूप हसले आणि रिकामा पेला माझ्या काठावर ठेवून निघून गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असा उपदेश मी करणार नाही. टाकायची तर खुशाल टाका. फक्त तिच्यादेखत नवीचे कौतुक करू नका.