तीन मशिनं तिची

सकाळची कामं आटोपून म्हातारी भाजी निवडत बसली होती. एवढ्यात लेक कागद घेऊन आला.

"आई, सही कर. बेलीफ येतोय."

"कशाची रे?"

"काही नाही गं. शिलाईची सहाही मशिनं तुझी, माझ्या लग्नाआधीची, एवढंच."

म्हातारीचा हात थांबला. घरामागच्या लांब खोलीत सून पंधरा वर्षं शिवत होती. गेल्या साली काडीमोड झाला. सहापैकी तीन मशिनं तिची, असा कोर्टाने हुकूम दिला. तेव्हापासून लेकाने एकेक मशीन मामाच्या गोदामात नेऊन लपवलं. नातलग पाठ थोपटत होते, "घरातलं घरात राहिलं!" अहो, मग जी राबली ती काय बाहेरची होती?

दारात बेलीफ आला, मागे सून. कागदावर नजर टाकून तो म्हणाला,

"आजी, सही विचार करून करा. हुकूम चुकवायला माल दडवला तर दंड आहे, कैदही आहे. खोटं लिहून दिलंत तर तुम्हीही सुटणार नाही."

लेक कानाशी पुटपुटला, "सही नाही केलीस तर या घरात तुला जागा नाही."

म्हातारीने पदराला हात पुसले.

"साहेब, त्यातल्या एकातही मला दोरा ओवता येत नाही. माझी कशी असतील? माझ्या भावाच्या गोदामात आहेत. चला, दाखवते."

"आई! मला तुरुंगात धाडतेस?"

"साहेबांसमोर आत्ताच देऊन टाक, कोर्टाची माफी माग. नाहीतर खुशाल जा. डबा आणीन तुला, पण खोटी साक्ष देणार नाही. देवाला रोज हेच हात जोडते मी."

सुनेचे डोळे भरले. "आई, राहाल कुठे?"

"ते बघू गं. आधी चपला दे."

गोदामाच्या दारात भाऊ आडवा उभा राहिला. "ताई, घराण्याची अब्रू जाईल!"

"ती वाचवायलाच आलेय. काढ कुलूप."

भावाने मान खाली घालून किल्ली काढली.

मायबापहो, अशा किल्ल्या नातलगांकडेच असतात. आपल्या खिशात एखादी आहे का, ते ज्याने त्याने चाचपून पाहावं.