गळकी टाकी

अंगणात पुरलेली आपली डिझेलची टाकी गळतेय, हे मोठ्या दिरांना ठाऊक होतं. शेजारी राहणाऱ्या विधवा भावजयीच्या विहिरीला डिझेलचा वास यायला लागला, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुझं नाकच बिघडलंय."

लेकीच्या अंगावर फोड उठले, तेव्हा भावजयीने दूषित माती उपसून साफ करणाऱ्या कामगारांना बोलावलं. तेल थेट तिच्या घराखाली मुरलं होतं.

"माती काढायची तर घर पाडावं लागेल," त्यांचा मुकादम म्हणाला.

तिने विहिरीचं पाणी पेल्यात भरून दिरांपुढे धरलं. "भाऊजी, एक घोट घ्या."

त्यांनी पेला तिच्या पायांवर ओतला आणि मुकादमाला म्हणाले, "घर माझ्या नावावर आहे. आजच पाडा."

संध्याकाळपर्यंत भिंती आडव्या झाल्या. लेकीला कडेवर घेऊन ती रस्त्यावर उभी होती.