खंडेनवमीची तबकडी

मित्रांनो, पोळीएवढी, काळीभोर आणि मधोमध भोक असलेली अशी मी ग्रामोफोनची एक जुनी तबकडी आहे. माझ्या अंगात एक बाई गायची, पण सुई टेकल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. तेच मला भोवले.

माझा जन्म १९३२ सालचा, बर्लिनचा. माझ्या अंगातली लाख मात्र तुमच्याकडची, पळसावरची. तेव्हा बर्लिनमध्ये रेव्ह्यूंची चलती होती. नाच, गाणी, नकला आणि दिव्यांनी झगमगणारा जिना! त्या जिन्यावरून हेर्टा नावाची गायिका उतरायची आणि सत्तेसाठी हपापलेल्या पुढाऱ्यांची टर उडवायची. शेवटी ती खळखळून हसली की प्रेक्षक थिएटर डोक्यावर घेत. ते गाणे हसण्यासकट माझ्यात उतरले. काय मिरवले मी तेव्हा!

मग तेच पुढारी सत्तेवर आले. रेव्ह्यू बंद पडला, माझ्या साऱ्या बहिणी फोडल्या गेल्या. हेर्टाने देश सोडला, ती परतलीच नाही. तिची तान्ही मुलगी इंगे मावशीकडे राहिली आणि मी मावशीच्या चादरींच्या घडीत.

आईचा आवाज ऐकायचा इंगेला जन्मभर धीर झाला नाही. नव्वदी उलटल्यावर हॅम्बर्गच्या हॉस्पिटलात जाताना तिने मला वरच्या मजल्यावरच्या वैभवीच्या हाती दिले. वैभवी पुण्याची, जुन्या रेव्ह्यूंवर पीएचडी करणारी.

"मला एकदाच ऐकायचंय," इंगे म्हणाली.

साध्या सुईने मी झिजेन म्हणून वैभवीने संग्रहालयातल्या खास यंत्रासाठी सोमवारचा टेर्मिन घेतला. जर्मनीत वेळ घेतल्याशिवाय पान हलत नाही.

त्याआधी खंडेनवमी आली. वैभवीकडे राहायला आलेल्या तिच्या सासूबाई, सुधाताई, तिची कामाची साधने पूजेला मांडत होत्या. लॅपटॉप झाला, हेडफोन झाले, मग मी. स्वतःच्या इंजेक्शनसाठी आणलेल्या स्पिरिटचा बोळा त्यांनी माझ्यावर फिरवला. स्पिरिटात लाख विरघळते हो! बोळा काळा होऊ लागला.

"केवढा हा मळ!" म्हणत त्या आणखी जोर लावत होत्या. तो मळ नव्हता, ती हेर्टा होती. मी आतल्या आत आक्रोश करत होते. माझ्या मधोमध चिकटवलेल्या कागदाला ओल लागू नये म्हणून त्या त्याच्या अलीकडेच थांबल्या आणि त्यांनी मला हळदकुंकू वाहिले.

"अहो आई, काय केलंत! ती लाखेची आहे!" वैभवी ओरडली.

"लाखेची? बांगड्यांसारखी?" सुधाताईंनी तो काळा बोळा उलटून पाहिला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला, इंगेकडे थोडाच वेळ उरलाय, सोमवारची वाट पाहू नका. वैभवीने ओळखीच्यांचा ग्रामोफोन मागून आणला. इंगेच्या उशाशी सुई टेकली आणि नुसती खरखर सुरू झाली. सुधाताईंनी इंगेचा हात धरला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अगदी शेवटी, बोळा पोचला नव्हता तिथे, हेर्टा हसली.

"नोख आइनमाल," इंगे म्हणाली. पुन्हा एकदा.

स्पिरिटाचा ओलावा झिरपून मऊ पडलेल्या माझ्या तिथल्या रेषा सुई खरवडून नेत होती. वैभवीला ते दिसत होते. तरी तिने सुई पुन्हा ठेवली. दुसऱ्या वेळी अर्धेच हसू आले. तिसऱ्या वेळी काहीच नाही. तेव्हा इंगे स्वतःच हसली, अगदी तसेच.

सोमवारी यंत्र मोकळेच राहिले. माझ्यात आवाज उरला नव्हता आणि ऐकायला इंगे उरली नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी जुने, गप्प बसलेले असेल. त्याला हळदकुंकू नंतर वाहा. आधी त्याचे ऐकून घ्या.