सगळ्यांना एकच टायर

हात वर करायला ताईला फार तर तीन सेकंद लागले. पण त्यानंतर कितीतरी महिने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सभा रेस ट्रॅकच्या ऑफिसात होती. पुढच्या मोसमापासून सगळ्या मोटरसायकलींना एकाच कंपनीचे, अगदी एकसारखे टायर द्यायचे का, एवढंच ठरवायचं होतं. तोवर दोन कंपन्या होत्या. पहिली कंपनी शुक्रवारचा सराव बघून शनिवारी त्या ट्रॅकसाठी खास रबराचे टायर पाठवायची, तेही फक्त मोठ्या टीमला. बाकीच्यांना तिचा नेहमीचा माल. त्या मालावर धावणारा मास्तर, म्हणजे आठवडाभर शाळेत गणित शिकवणारा आणि रविवारी रेसला उतरणारा गृहस्थ, न चुकता शेवटून पहिला यायचा.

ताईची टीम दुसऱ्या कंपनीकडे होती. टीम कसली, घरच ते! मेकॅनिक ताई स्वतः, रायडर तिचा धाकटा भाऊ आणि स्टॉपवॉच धरायला आई. भावाला सगळे भिंगरी म्हणत. दुसऱ्या कंपनीचा पुढचा टायर असा कडक, की भिंगरीनं वळणावर सगळ्यांच्या नंतर ब्रेक दाबला तरी हूं की चूं करत नसे. त्याच्याच जोरावर तो दुसरा-तिसरा यायचा. नियम बदलला तर पहिलीच कंपनी राहणार आणि हा टायर जाणार, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

मतं समसमान पडली. उरलं ताईचं. शेजारी बसलेला मास्तर सभेआधी तिला म्हणाला होता, "हरण्याचं काही नाही हो. पण माझं चुकतंय की टायरचं, हे तरी कळू दे."

तिनं हात वर केला. भिंगरीला मात्र एवढंच सांगितलं, की नियम झाला.

नव्या मोसमात भिंगरी पहिल्या रेसला तिसऱ्या वळणावर पडला. दुसऱ्या रेसलाही तिथेच. तिसऱ्या रेसला हातमोजा फाटून तळहात सोलवटला. ताई पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, येरझाऱ्या घालायची, आवळलेले नट पुन्हा आवळायची.

"अगं, बस की जरा," आई वैतागली. "पायाला चाकं लावलीस का?"

आणि मग मास्तर आला. नववा आला होता, स्वारी खुशीत होती. भिंगरीच्या समोरच म्हणाला, "ताई, तुमच्या त्या एका मतानं आम्ही माणसांत आलो बघा!"

भिंगरी आईकडून हाताला पट्टी बांधून घेत होता. त्यानं हात मागे घेतला.

"तुझं मत होतं?"

"हो."

"आणि मी समजत होतो, त्या मोठ्या लोकांनी माझा टायर काढून घेतला. घरातच निघालं की!"

"तू टायरमुळे पडत नाहीस. जो टायर आता नाही, त्याच्या भरवशावर ब्रेक दाबतोस, म्हणून पडतोस."

"मग हे तीन रेस आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगायला गेले असते, तर मताचंही सांगावं लागलं असतं," ताई म्हणाली. "तोंड नव्हतं मला."

मास्तर कधीच सटकला होता. आईनं उरलेली पट्टी गुंडाळली.

चार दिवस भिंगरी तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी गॅरेजमध्ये येऊन म्हणाला, "सांग, काय करायचं?" तिनं पुढचं सस्पेन्शन मऊ केलं, म्हणजे ब्रेकचा सगळा भार टायरवर एकदम येणार नाही. त्यानं ब्रेक थोडा आधी दाबायचा आणि वळणातून लवकर सुटायचं, असं ठरलं. अंगात मुरलेली सवय मोडताना त्याची पार चिडचिड झाली. तिच्या चुकाही काही कमी नव्हत्या; दोनदा सगळं खोलून पहिल्यापासून करावं लागलं.

चौथ्या रेसला नऊ मोटरसायकली एका घोळक्यात आल्या. त्यात भिंगरी कुठला आणि स्टॉपवॉच केव्हा दाबावं, तेच आईला कळेना. जिंकली मोठी टीमच, पण जेमतेम अर्ध्या चाकानं. मास्तर चौथा. भिंगरी सहावा, पण गाडीवरच होता.

हेल्मेट काढल्यावर त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "शेवटच्या फेरीत नऊ जण होतो, ताई! कोण कुठून घुसेल सांगता येत नव्हतं." मग आवाज उतरला. "पण जुन्या टायरवर मी तिसरा असतो."

"असतास."

"पुन्हा वेळ आली तर?"

"पुन्हा तोच हात वर करीन."

"कर. पण आधी मला सांग."

तिनं मान डोलावली. तिला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. तो सहावा आला, हे तिला लागलंच होतं.

"मागचा टायर शेवटच्या पाच फेऱ्या घसरत होता," तो म्हणाला.

ताई खाली बसली आणि तापलेल्या रबरावर तिनं तळवा ठेवला.