लहूचं अर्धं वाक्य

कमलच्या नव्या गाडीची बॅटरी रोज दुपारी उतरायला लागली, तेव्हा तिला आधी कंपनीचाच राग आला. एवढी महागाची गाडी. किल्ली खिशात असली तरी दार उघडणारी, बटण दाबलं की सुरू होणारी, फोनवर निरोप पाठवणारी.

तो निरोपच नको झाला होता. दादरच्या ऑफिसात जेवणाचा डबा धुऊन कमल जागेवर येऊन बसली, की फोन थरथरायचा. ‘बॅटरी कमी आहे. इंजिन सुरू करा.’ गाडी तर लालबागला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुलूपबंद. ऑफिसला ती बसनेच जायची. गाडी घेतली होती बाबांसाठी. कोंडीराम ऐंशीच्या पुढे गेले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, गुडघे धरलेले, आणि इस्पितळ जवळ म्हणून टॅक्सीवाले यायला तयार नसत. घरात दोघंच. कमलने लग्न केलं नव्हतं, आणि आई, रमाबाई, जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

परळच्या गॅरेजवाल्या माधवने बॅटरी तपासली, मग बदललीच. आठवडाभर बरं गेलं. पुन्हा दुपारी फोन थरथरला.

पण कमलच्या मनात घर केलं ते निराळ्याच गोष्टींनी. रविवारी तिने गाडी सुरू केली, की एसीचा पंखा एकदम पूर्ण जोरात सुटून वारा तोंडावर यायचा. तिने तर तो कधी एकच्या पुढे नेला नव्हता. आणि आरसा. मधला आरसा दर वेळी फिरवलेला असायचा. त्यात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी मागची सीट दिसायची. रिकामी, राखाडी, नीट पुसलेली. कमल आरसा सरळ करायची आणि मग वाटभर तिला मानेमागे उगाच कोणीतरी आहे असं वाटत राहायचं.

माधवने एक दिवस गाडी ठेवून घेतली, सगळ्या वायरी तपासल्या. संध्याकाळी तो म्हणाला, “ताई, गाडीत फॉल्ट नाही. इंजिन न लावता कोणीतरी आत बसतंय. पंखा, लाइट सगळं चालू करून. तासभर चाललं की बॅटरी झोपणारच.”

“कोण बसणार? किल्ली माझ्याकडे असते.”

“दुसरी किल्ली कुठंय?”

दुसरी किल्ली देवघराच्या खणात होती. कमल घरी आली, खण उघडला. किल्ली तिथेच होती, फक्त निरांजनाच्या डाव्या बाजूला ठेवलेली ती आता उजव्या बाजूला होती. बाबा आतल्या खोलीत पाठ करून झोपले होते. तिने काही विचारलं नाही. विचारायची भीती वाटली म्हणा.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि दुपारी परत आली.

त्यांची इमारत गिरणीच्या जमिनीवर होती. गिरणी पाडली, चाळ पाडली, चाळकऱ्यांना मागच्या बाजूच्या इमारतीत घरं दिली. बिल्डरने चिमणी तेवढी शोभेला ठेवली. पार्किंग तळाला होतं, बाजूंनी उघडं, पण आत भर दुपारीही अंधुकच. कमल खांबाच्या आडून पुढे गेली आणि थांबली.

बाबा चालकाच्या जागेवर बसले होते. काचा बंद. आत पंखा एवढ्या जोरात चालू होता की त्यांचे विरळ पांढरे केस उडत होते. हात मांडीवर, डोळे आरशात लागलेले. आरशात बघता बघता ते मान हलवत होते, समोरचा माणूस बोलत असला की आपण हलवतो तशी. मग त्यांचे ओठ हलले. थांबले. पुन्हा त्यांनी मान हलवली.

 कमलने मागच्या काचेतून आत बघायचं टाळलं. सरळ पुढे जाऊन डावीकडचं दार उघडलं.

“दार लाव गो,” बाबा आरशावरची नजर न काढता म्हणाले. “आवाज भायर जाता.”

ती आत बसली, दार लावलं. पंख्याच्या घरघरीत कान भरून गेले.

“बाबा, काय चाललंय?”

“लहू इलो हा.”

लहू म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. कमलचा काका. तो जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली होती.

कमलने काही बोलायच्या आत समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली. बॅटरी कमी आहे. पंख्याचा जोर ओसरला, दिवे गेले, आणि गाडी एकदम मुकी झाली. बाबांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

“रोज! रोज असाच. तो पुरा बोलूच्या आधी ह्यां बंद पडता.”

*

त्या संध्याकाळी बाबांनी जे सांगितलं त्यातलं बरंचसं कमलला ठाऊक होतं. तिला ते चाळीतल्या खोलीच्या दाराआडून दिसलेलं होतं.

दोघे भाऊ एकाच गिरणीत, एकाच साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात होते. साचे चालू झाले की शेजारच्याने कानात ओरडलेलंही ऐकू येत नसे. म्हणून तिथे माणसं आवाज न काढता बोलत. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. कोंडीराम आणि लहू चार साच्यांच्या अंतरावरून गावच्या गजाली करत, हसत. घरी आल्यावरही दोघं कधी कधी तसेच बोलत, आणि रमाबाई चिडायची.

ब्याऐंशी साली संप झाला. कोंडीराम संपात पुढे होता. महिन्यांमागून महिने गेले, भांडी गेली, माणसं गावाला गेली. मग गिरणीने भोंगा वाजवायला सुरुवात केली आणि पोलिसांच्या पहाऱ्यात काही कामगार आत जायला लागले. लहूची बायको रखमा तेव्हा क्षयाने अंथरुणाला खिळली होती. तिचं औषध थांबलं होतं. एका सकाळी लहू आत गेला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कोंडीरामने दार उघडलं नाही. लहूने बाहेर गॅलरीत निजलेल्या रखमाला उचललं आणि वरळीला बीडीडी चाळीत एका गाववाल्याकडे बिऱ्हाड नेलं.

त्यानंतर भावांची भेट एकदाच झाली, तीही गेटाच्या गजांतून. बाहेर संपवाल्यांची घोषणाबाजी चालू होती, लहू आत गजाला धरून उभा होता. गर्दीत त्याने भावाला हेरलं आणि त्यांच्या त्या जुन्या रीतीने, आवाज न करता, बोलायला लागला. “दादा, कमलाक...” एवढं कोंडीरामने वाचलं. आणि मान फिरवली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात लहू काविळीने गेला. कोंडीराम मयताला गेला नाही. रमाबाई एकटीच जाऊन आली.

“साच्यांचा खाता हयसरच होता,” बाबा म्हणाले. “चिमणी थंय, म्हणजे आपली गाडी लावतव थंयच लहूचे साचे. तू माका गाडीत बसवन इस्पितळात नेलंस ना, तेव्हा पंखो मीच मोठो केलंय. तो आवाज इलो, आणि माका आरशात तो दिसलो. मागे बसललो. ओठ हलवी होतो.”

“काय म्हणतो?”

“ताच. दादा, कमलाक. आणि मग बंद.”

कमल रात्रभर तळमळली. बाबांचं वय झालंय, डोळ्यांत थेंब घातलेले, असं स्वतःला समजावत राहिली. पण त्या वाक्यात तिचं नाव होतं. लहूकाका तिला खांद्यावर बसवून लालबागच्या रस्त्यात फिरवायचा, हे तिला आठवत होतं. तो तिच्याबद्दल काय सांगत होता? चाळीस वर्षं कोणीतरी तिच्या नावापाशी येऊन थांबलं होतं, आणि तिला पत्ताच नव्हता.

*

पुढच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, “चला बाबा, खाली.”

बाबा चालकाच्या जागेवर बसले. कमलने बाजूला बसून त्यांना ब्रेकवर पाय ठेवायला लावला आणि बटण दाबलं. या वेळी इंजिन लागलं.

“आता बंद पडणार नाही. हवं तेवढा वेळ बसा.”

तिने पंखा पूर्ण सोडला. बाबांनी आरसा फिरवला. बराच वेळ काहीच झालं नाही. कमल समोरच्या खांबाकडे बघत होती. मग तिच्या सीटच्या पाठीला मागून काहीतरी टेकलं, हलकंच, मागे बसलेल्याचा गुडघा लागावा तसं.  ती वळली नाही.

बाबा आरशात बघत होते. त्यांचा चेहरा आधी ताठ होता, मग तो सैल पडत गेला.

“बाबा?” ती ओरडूनच म्हणाली. “काय म्हणतो?”

“आज काय बोलणा नाय. नुसतो बघता.”

आणि मग बाबांचे ओठ हलले. आवाज नव्हता. पण कमल गिरणगावात वाढली होती. आई झोपली असली की बापलेकही असंच बोलायची. तिला ओठ वाचता आले.

‘जेवलंस काय रे?’

बाबा वाट बघत राहिले. पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. कमलने आता मागे वळून बघितलं. सीट रिकामी होती.

तिने पंखा बंद केला. बाबांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, “रखमा आसा मा अजून? वरळीक जावया.”

*

बीडीडीच्या कितीतरी इमारती पाडल्या होत्या. पत्र्यांच्या आड क्रेन उभ्या होत्या. रखमाकाकीची इमारत अजून शाबूत होती, तळमजल्यावरचा लांब बोळ तसाच काळोखा. रमाबाई होती तोवर येणंजाणं होतं; नंतर ते तुटलं होतं. काकी खोलीच्या उंबऱ्यात बसून सुपात सुकट निवडत होती. क्षयाची ती बाई सगळ्यांना पुरून उरली होती. एका इस्पितळात आया म्हणून राबली, एकटी राहिली.

तिने मान वर केली. कोंडीरामांकडे बराच वेळ बघितलं.

“भावजी?”

“होय.”

“आत या.”

बाबा आत गेले नाहीत. भिंतीला धरून उभ्याउभ्याच त्यांनी गेटावरची गोष्ट सांगितली. “‘दादा, कमलाक’ इतक्याच. पुढे माझ्यान बघवला नाय. त्याका काय सांगूचा होता, रखमा? तुका कायतरी बोललो असात.”

काकीने सूप बाजूला सरकवलं. “मला कसं माहीत असणार? त्यांच्या तोंडात रोज कमलच असायची. कमलला शाळेतून काढू नको म्हणावं. कमलला गावी धाडू नको म्हणावं. कमलला फ्रॉकचं कापड आणलंय म्हणावं. त्यातलं गेटावर कुठलं बोलले, मी कसं सांगू?”

कमल बोळातल्या नळाकडे तोंड करून उभी राहिली. 

“आणि आज इतक्या वर्षांनी कुठून आठवलं?” काकीने विचारलं.

बाबांनी एकदा कमलकडे बघितलं. मग सांगून टाकलं. “तो येता. कमलच्या गाडीत. मागे बसता.”

काकी हसेल, नाहीतर देवाचं नाव घेईल, असं कमलला वाटलं होतं.  पण तिचे हात मांडीवर तसेच राहिले, सुकटीचा भुगा लागलेले.

“तुमच्याकडे येतात,” शेवटी ती म्हणाली. “माझ्याकडे नाय इले कधी. मी रोज दिवा लावते. वर्षाला पान ठेवते. एवढ्याशा खोलीत एकटी झोपते, कधी भांडं वाजलं तरी वाटतं, आले. नाय इले.” तिचा आवाज चढला. “ज्याने दार लावून घेतलं, त्याच्याकडे येतात!”

बाबांनी मान खाली घातली. बोळात कोणाच्या तरी घरातला टीव्ही तेवढा चालू होता.

काकी उठली. हात धुतले, पदर सारखा केला, पायात चपला घातल्या.

“कुठंय गाडी?”

गाडीपाशी आल्यावर तिने विचारलं, “कुठल्या बाजूला बसतात?”

“डावीकडे,” बाबा म्हणाले.

काकी उजव्या दाराने आत शिरली. अंग चोरून, दाराला चिकटून बसली. डावीकडची जागा तिने मोकळी ठेवली.

कमलने इंजिन लावलं. “कुठं जायचं, काकी?”

“समुद्रावरून एक चक्कर मार. त्यांना वारा आवडायचा.”

गाडी फाटकाबाहेर पडली. बाबांनी पुढून हात लांबवून आरसा फिरवला आणि बघत राहिले.

“दिसतात?” काकीने विचारलं.

बाबांनी आरसा आणखी थोडा वळवला. “नाय.”

 थोड्या वेळाने काकीने शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला आणि बोलायला लागली. आधी हळू, मग नेहमीच्या घरातल्या आवाजात, रागावून. इमारत पाडणार आहेत. नव्या घरात मोरी कुठे येणार कोणी सांगत नाही. डोळ्याला हल्ली सुकटीतले खडे दिसत नाहीत. तिकडे वरच्या मजल्यावरची शेवंता गेली, तिच्या बाराव्याला किती माणसं आली. पुढे बसलेले दोघं मध्ये बोलले नाहीत.

डाव्या हाताला समुद्र उघडा झाला. कमलने काचा खाली घेतल्या आणि गाडी अगदी सावकाश ठेवली. मागून हॉर्न वाजत होते.