चौथ्या मजल्याचा जिना

"ही कॉफी नाही, भांडं विसळलेलं पाणी आहे," इतिये अस्नाकू, आमच्या गल्लीच्या थोरल्या ताई, पेल्यात बघत पुटपुटल्या. "तिसरा पेला म्हणे आशीर्वादाचा. असला पाणचट आशीर्वाद दिल्यावर काय भलं होणार माझं?"

"तिसऱ्यांदा उकळलेली पूड आहे, इतिये," मी म्हटलं. "माझा काय कॉफीचा मळा आहे?"

"मळा नसू दे, झुर्याश. हात तरी सैल सोडावा माणसानं."

बोलत होत्या कॉफीबद्दल, पण राग चावीचा होता. नदीकाठची आमची मातीची घरं पाडून तिथे बाग होणार होती, आणि त्या सकाळी सगळ्यांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या होत्या. अस्नाकूंचं घर अदिस अबाबाच्या दक्षिण टोकाला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझं उत्तरेला. घरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळे कोणाला शिव्याही देता येत नव्हत्या. चिठ्ठीचा हा मोठा फायदा असतो, वाटणाऱ्याला.

आमच्या गल्लीत एकशे चौदा घरं आणि एक इद्दिर. मयतीचं मंडळच म्हणा. कोणी गेलं की शिंगवाला शिंग फुंकत नाव पुकारतो, बाप्ये तंबू उभारतात, आम्ही बायका मोठाल्या पातेल्यांत रस्सा चढवतो आणि तीन दिवस त्या घराला एकटं सोडत नाही. अस्नाकूंना मूलबाळ नाही. नवरा गेला तेव्हा इद्दिरनंच त्याला उचललं. त्यानंतर एकतीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या मयतीचे कांदे चिरत आल्या ते एका भरवशावर, की आपल्यालाही हीच माणसं उचलतील.

गाशे देमिस्सेव, सगळ्यांचे दादा, आमच्या इद्दिरचे प्रमुख. धंद्यानं सुतार, शवपेट्याही तेच करतात. चावीची बातमी कळल्याबरोबर टेप घेऊन ते दक्षिणेची इमारत मोजून आले. अस्नाकूंना म्हणाले, "होईल सगळं व्यवस्थित. जरा तिरकी धरावी लागेल, एवढंच." मला दाराशी गाठून हळूच म्हणाले, "जिन्याच्या वळणावर पेटी फिरत नाही. उभी करूनच उतरवावी लागेल."

पण गल्लीत गोष्ट हळू बोलून लपत नाही. सगळ्यांना जिन्यानं झपाटलं. कोणी म्हणे दोर बांधून खिडकीतून सोडू, कोणी म्हणे आधी माणसाला खाली आणू, पेटी खालीच भरू. अस्नाकू ऐकून घेत. "मी काय गव्हाचं पोतं आहे का रे?" म्हणत, आणि पुन्हा विचारत, "वळणावर किती बोटं कमी पडतात?" बोटं मोजायला सगळे तयार होते. जिन्याबद्दल बोलणं सोपं होतं.

त्याच आठवड्यात वॉर्ड कचेरीचे साहेब, अतो मेकुरिया, आले. आफ्रिकेतल्या अकरा देशांचे घरबांधणी मंत्री शहरात जमले होते. शहरांतल्या गरिबांना घरं कशी द्यावीत यावर सगळ्यांचा मिळून एक करार व्हायचा होता, आणि गुरुवारी ते आमची गल्ली बघायला येणार होते.

"सावलीला इद्दिरचा तंबू लागेल, गाशे."

"तंबू मयतीशिवाय निघत नाही."

"पाहुण्यांना उन्हात उभं करायचं का? अकरा देश आहेत."

"अकरा देशांत मिळून एक तंबू नाही?"

मेकुरिया बिचारे घाम पुसत राहिले. शेवटी अस्नाकूच म्हणाल्या, "द्या हो. लांबून आलेत. मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे."

गुरुवारी तंबू उभा राहिला आणि व्हायचं तेच झालं. वरच्या गल्लीतल्या दोघी बायका दुरून तंबू बघून, सुतकातली शाल पांघरून, रडतच आत शिरल्या. "कोण गेलं गं? कोण?" मी त्यांना खुर्च्या दिल्या, भाजलेले जव दिले. पाहुण्यांना वाटलं असावं ही आमची स्वागताची रीत. त्यांनी आदरानं माना झुकवल्या.

भाषणं झाली. मग दक्षिणेकडच्या कुठल्याशा देशाची मंत्रीणबाई, केस पिकलेली, येऊन अस्नाकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दुभाष्याकरवी तिनं विचारलं, "आजी, नव्या घरात तुम्हाला काय हवं?"

अस्नाकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "जिना. एवढा रुंद. पेटी वळली पाहिजे."

"सामानाची पेटी?" दुभाष्यानं विचारलं.

"माझी."

त्या दुभाष्या पोरानं मेकुरियांकडे बघितलं. मेकुरिया तंबूचं छत बघत होते. मग त्यानं सांगून टाकलं. बाई म्हणाली, "माझ्या आईला आम्ही खुर्चीत बसवून उतरवलं होतं. सहाव्या मजल्यावरून. तिची मान मी धरली होती." आणि वही काढून तिनं लिहून घेतलं.

हे असं लिहिलेलं पुढे कुठे जातं ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून कोणी आशा धरली नव्हती. पण सोमवारी मेकुरिया हसत आले. बाईनं अकरा देशांपुढे तो मुद्दा काढला म्हणे, आणि करारात एक ओळ आली: यापुढच्या इमारतींचे जिने रुंद असावेत. बांधून झालेल्या जिन्यांचं करार काही करू शकत नव्हता, पण जाण्याआधी बाईनं अस्नाकूंचं नाव घेऊन चौकशी केली होती.

"त्याच इमारतीत तळमजला, इतिये," मेकुरिया नवी चावी देत म्हणाले. "दारातून थेट रस्त्यावर."

सगळी गल्ली माझ्या घरी गोळा झाली. मी नवी पूड काढली. गाशे देमिस्सेव तर इतके खूश, की म्हणाले, "आता पेटी कशीही धरा. आडवी, तिरकी, नाचवत न्या."

अस्नाकू हसल्या नाहीत. चावी मुठीत धरून त्यांनी एकेकाकडे बघितलं.

"जिना तर गेला," त्या म्हणाल्या. "आता सांगा, धरायला कोण येणार?"

"येऊ की सगळे!" मागून कोणी तरी म्हणालं.

"शिंग ऐकू येईल तुला? तू पूर्वेला चाललास. शिंगवाला त्याच्या लेकीकडे चाललाय."

"फोन आहे ना, इतिये."

"मेलेल्या बाईनं फोन करायचा?"

थोडा हशा पिकला. गाशे म्हणाले, नवी बस सुरू होणार आहे असं ऐकलंय. मग बसवर बोलणं सुरू झालं. कुठून सुटेल, कुठे बदलावी लागेल, भाडं किती पडेल. जिन्यासारखंच. बोलता बोलता लोकांचे चेहरे हलके होत चालले. अस्नाकू त्यातलं काही ऐकत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझं नवं घर त्यांच्यापासून तीन बस आणि अडीच तासांवर होतं. पहाटे विकायच्या इंजेरा भाकरीच्या तव्यापाशी बसले की संध्याकाळपर्यंत मी उठत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"तू बोल, झुर्याश," त्या म्हणाल्या.

कॉफी उतू जात होती. मी ती खाली उतरवली.

"नाही येणार मी, इतिये," मी म्हटलं. "तुम्ही गेल्याचं मला कळणारसुद्धा नाही. कोणालाच कळणार नाही."